कुटाराची खोली

आधी कामाचं सांगून टाकतो, म्हणजे ज्याला धाप लागते त्याला शेवटपर्यंत वाचायची तसदी नको. घरात खोकला येतो आणि परगावी गेलं की थांबतो, असं होत असेल तर गोळ्या बदलण्याआधी घराची झडती घ्या. उशी, कूलर, कुंड्या, भिंती, सगळ्याची. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ही गोष्ट त्यांच्या कानावर घाला. आम्ही घातली नाही. आम्ही त्यावर विनोद करत होतो.

पुढचं, ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

खोली

माझी सगळी नोकरी कोर्टात गेली, लघुलेखक म्हणून. साक्षीदार बोलायचा, मी उतरवून घ्यायचो. शेवटची वर्षं सेनगावला काढली. घर मात्र हिंगोलीत. सिमेंटचं, वर स्लॅब, उन्हाळ्यात भट्टी. आमची एकुलती लेक पुण्यात घरसजावटीचं, म्हणजे इंटिरियरचं, शिक्षण घेऊन परत हिंगोलीला आली. शेजाऱ्यांच्या मते हा अपघात होता. तिच्या आईच्या मते नवस फळला होता.

आमच्या गावात तेव्हा ज्याच्या हाती चार पैसे आले तो पीओपीचं छत करून घेत होता. छतात निळे दिवे, टीव्हीमागं सोनेरी पट्ट्या, भिंतीला संगमरवराचं चित्र छापलेलं प्लॅस्टिक. एका ओळखीच्यांच्या बैठकीत बसलो असताना आता आतून वरात निघणार असं मला सारखं वाटत होतं. निघाला तो चहा. लेकीला या थाटाची चीड होती, पण तिची चीड माझ्यासारखी नुसती तोंडाची नव्हती. ती म्हणायची, "या गोंदाचा, या रंगाचा वास वर्ष-वर्ष नाकात जातो बाबा. लोक घरात विष लावून घेतात अन् वर नारळ फोडतात."

तिचं म्हणणं बरोबर होतं. अजूनही बरोबर आहे. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

पण गिऱ्हाईक म्हणायचं, आधी कुठं केलंय ते दाखवा. म्हणून तिनं आमचीच निजायची खोली करायला घेतली. सिमेंटच्या भिंतीला आतून बांबूचा सांगाडा, त्यात सोयाबीनचं कुटार दाबून भरलेलं, वरून माती-शेणाचा गिलावा. छताला बांबूचे तट्टे. कोपऱ्यात कुंड्या. सोयाबीन मळल्यावर मागं उरतो तो भुसा म्हणजे कुटार. शेतात तो एकतर ढोरं खातात, नाहीतर पेटवून देतात. लेक म्हणाली, जाळण्यापेक्षा भिंतीत भरलं तर धूरही नाही आणि ऊनही आत येणार नाही. मला हा विचार फार आवडला. आजही त्यातली चूक मला कागदावर दाखवता येणार नाही.

कुटार आलं ते माझ्या बायकोच्या माहेरून, जवळा बाजारहून. बायकोचं नाव प्रयाग. तिची थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, तिथं शेती बघते. त्या वर्षी ऐन मळणीत पाऊस आला होता. आक्का स्वतः ट्रॅक्टरवर बसून आली आणि दारातच ओरडली, "काहून गं प्रयाग, घरात ढोरं बांधून राहिलीस का काय?"

"ढोर एकच हाय," प्रयाग म्हणाली. "रिटायर झालंय."

कुटार अंगणात पसरून वाळवलं. वाळलंय असं सगळ्यांनाच वाटलं.

गिलावा प्रयागनं स्वतः केला. लहानपणी माहेरी तिनं भिंती सारवल्या होत्या, आणि सिमेंटच्या घरात आल्यापासून ती विद्या तिच्या हातात नुसती पडून होती. तिनं पदर खोचला आणि मजुराला बाजूला सारलं. ओल्या मातीवर तिच्या बोटांचे अर्धगोल उमटत गेले, एकात एक, भिंतभर. लेक थापी घेऊन वरून सपाट करायला गेली तर प्रयाग म्हणाली, "राहू दे की. हात दिसू दे."

लेक मागं सरकली, लांबून बघितलं आणि थापी खाली ठेवली. "हेच डिझाइन," ती म्हणाली.

खोलीचं उद्‌घाटन झालं. मी नको म्हणालो होतो, पण लेकीला गिऱ्हाईक हवं होतं आणि गावातल्या एका पुढाऱ्याला उद्‌घाटन हवं होतं. फीत नायलॉनची, शाल पॉलिस्टरची, गुच्छ प्लॅस्टिकच्या कागदात. वसुंधरेवर बरंच बोलणं झालं. जाताना पुढाऱ्यांनी विचारलं, "मस्त झालंय, पण एसी कुठं बसवणार?"

एसी बसवला नाही. खिडकीत कूलर बसवला, तो मी. दुसरी खिडकी रस्त्याची धूळ येते म्हणून कायमची बंद केली, तीही मीच. खोली माठासारखी गार झाली. इतकी चांगली झोप आम्हाला त्या घरात आधी कधी लागली नव्हती.

माहेरची हवा

प्रयागला खोकला सुरू झाला तो सुका. संध्याकाळी अंग कसकसायचं, सकाळी गच्चीचा जिना चढताना ती मध्येच थांबायची आणि कठड्याला काहीतरी लागलंय असं दाखवत पुसत बसायची. डॉक्टरांनी दमा सांगितला, पंप दिला. त्यांना मी बोल लावत नाही. दमा घरोघरी असतो, आणि आमच्या खोलीबद्दल त्यांना कुणी काही बोललंच नव्हतं.

मध्येच ती आक्काकडे राहायला जायची. तिथं खोकला बंद. परत आली की पुन्हा सुरू.

"तुझा खोकला जवळ्याच्या बसमध्ये चढत न्हाई वाटतं," मी म्हणायचो.

"व्हय. तिथं हवा खायला मिळते. इथं तुमची भाषणं खावी लागतात."

आम्ही हसायचो. लेक हसायची आणि हवा शुद्ध व्हावी म्हणून आणखी एक कुंडी आणून ठेवायची. खोली बघायला लोक येत, तेव्हा प्रयाग पदर तोंडाला लावून खोकला दाबायची आणि भिंतीवर हात ठेवून सांगायची, "हे माझ्या हातचं हाय."

एका पावसाळ्याच्या अखेरीस तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. कागदावर न्यूमोनिया लिहिलं होतं. बोलायला दम पुरत नव्हता तेव्हा ती मला म्हणाली, "मला जवळ्याला नेऊन सोडा. तिथं तकलीफ होत न्हाई."

मला वाटलं, माणसाला शेवटी माहेर आठवतं. पुस्तकांत तसंच असतं. मी म्हणालो, बरी झालीस की नेतो.

ती बरी झाली नाही. आयुष्यभर परक्या लोकांची साक्ष मी शब्दन् शब्द उतरवली. बायकोनं दिलेली साक्ष मला कविता वाटली.

तिच्यानंतर

ती गेल्यावर मी त्या खोलीतून फारसा बाहेर पडेना. दुपारी भिंतीकडं तोंड करून पडायचो. तिच्या बोटांच्या एका अर्धगोलात माझी बोटं बरोबर बसत नव्हती, तिची बारीक होती. तरी बसवायचो. माती हाताला जरा ओलसर लागायची. त्यात मला बरं वाटायचं. ती नुकतीच सारवून उठली आहे, असं.

लेक दारातून बघायची आणि परत जायची. तिनं ती खोली केली नसती तर तिच्या आईचा हात कुठंच उरला नसता, असं मी तिला एकदा म्हणालो. ती रडली. त्या वाक्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

मग मला खोकला लागला. लोक म्हणाले, दुःखानं छाती भरते. मलाही पटलं. वजन उतरलं, आंघोळ करून बाहेर येईपर्यंत धाप लागू लागली. ज्या दिवशी मला फोनवर एक वाक्य पुरं करता आलं नाही, त्या दिवशी लेकीनं गाडी बोलावली आणि आम्ही नांदेडला गेलो.

साक्ष

निदानाच्या दिवसाबद्दल लोक विचारतात, भीती वाटली का. वाटली, पण माझ्यासाठी नाही.

छातीचा स्कॅन झाला होता. मी खाटेवर, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. डॉक्टर मध्यम वयाचे, हळू बोलणारे. ते पडद्यावरचं चित्र बराच वेळ बघत राहिले आणि मग माझ्या आयुष्याची चौकशी करू लागले. शेतात काम करता का? घरावर पारवे बसतात का? उत्तरं लेक देत होती.

"घरात काही नवं काम केलंय? रंग, प्लायवूड वगैरे?"

"नाही डॉक्टर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. गिऱ्हाइकाशी बोलतानाचा तिचा आवाज मला ओळखू येतो. "एक थेंब केमिकल नाही. त्यांची खोली मी स्वतः केलीय. बांबू आहे, माती-शेणाचा गिलावा आहे."

"गिलाव्याच्या आत काय आहे?"

"सोयाबीनचं कुटार. दाबून भरलंय."

"भरलं तेव्हा कोरडं होतं?"

"पावसात सापडलं होतं थोडं. पण वाळवलं आम्ही."

"मागं भिंत कशाची?"

"सिमेंटची."

"आणि उन्हाळ्यात?"

"कूलर. एसी लावूच दिला नाही मी."

उलटतपासणीत असे साक्षीदार मी बघितले आहेत. प्रश्न साधे असतात, उत्तरं खरी असतात, आणि साक्षीदार ताठ मानेनं एकेक पायरी उतरत खड्ड्यात जात असतो. लेखनिकाला ते वकिलाच्या आधी कळतं. मला मध्येच कळलं. मला तिला थांबवायचं होतं. मी हात उचलला, तर नर्सला वाटलं मास्क टोचतोय. तिनं तो नीट करून दिला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, ओलं कुटार कोंडलं की त्यात बुरशी धरते. तिची धूळ डोळ्यांना दिसत नाही. ती सगळ्यांना बाधत नाही, पण ज्याला बाधते त्याचं फुफ्फुस हळूहळू घट्ट होत जातं. औषधानं आणखी घट्ट होणं थांबवता येईल. झालंय ते सगळं परत मऊ होणार नाही. "दोष मातीचा नाही, बांबूचाही नाही," ते म्हणाले. "ओल आत गेली, तिला बाहेर यायला वाट नव्हती."

लेक म्हणाली, "डॉक्टर, माझी आई..." आणि थांबली.

त्यांनी विचारलं, आईचा असा स्कॅन झाला होता का. नव्हता झाला.

"मग मला सांगता येणार नाही. असेलही, नसेलही."

"त्या खोलीपासून लांब गेली की तिला बरं वाटायचं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी खाली ठेवलेलं पेन उचललं आणि ते लिहून घेतलं.

वॉर्डात

दवाखान्याचं वेळापत्रक कोर्टापेक्षा बरं. पुढची तारीख देत नाहीत. सकाळी झाडू, मग रक्त, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी. त्या वेळी प्रत्येक रोगी आपापल्या परीनं बरा दिसायचा प्रयत्न करतो. गोळ्यांनी भूक अशी लागते की रोग्याची लाज वाटावी. मी शेजाऱ्याच्या डब्याकडं बघायचो.

शेजारी सेनगावकडच्या एका तांड्यावरचे म्हातारे होते. माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "साहेब, तुमी कोर्टातले ना? बांधाच्या केसमधी माझी साक्ष तुमीच लिवली होती."

"काय झालं त्या केसचं?"

"मी हारलो. तवा वकील बोलू देईना, आता दम बोलू देईना." मग त्यांनी त्यांची भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. त्या दिवसांत मला हसू आलं ते त्यांच्यामुळे.

लेक सगळं करत होती. अंग पुसत होती, औषधं आणत होती, भात कालवून देत होती. बोलत नव्हती. मी तिला लहानपणापासून माय म्हणतो. म्हणालो, "माय, पुरावा न्हाई. डॉक्टर बी सांगू शकले न्हाईत. अशा वेळी कायदा संशयाचा फायदा देतो."

"कुणाला देतो बाबा?"

"आरोपीला."

"म्हणजे मी आरोपी झालेच की," ती म्हणाली, आणि पुढचा घास माझ्या तोंडाशी धरला.

कायद्याच्या भाषेत सांत्वन करू नये. ज्यांच्या घरी असा रोगी आहे, त्यांच्यासाठी ही दुसरी कामाची गोष्ट.

वाटणी

डॉक्टरांनी बजावलं होतं: त्या खोलीत पाऊल नाही, त्या खोलीतली वस्तू जवळ नाही. सुटल्यावर मी जवळा बाजारला आक्काकडं गेलो. तिनं मला रस्त्याकडची खोली दिली. भिंतीला चुना, एक खाट, दोन खिडक्या. बाजाराच्या दिवशी सगळा बाजार आत आल्यासारखा वाटतो. मला तिथं श्वास घेता येत होता. प्रयाग इथं यायची तेव्हा खिडकीत बसायची म्हणे. मीही बसलो. प्रत्येक सोप्या श्वासाबरोबर मला तिचं म्हणणं पटत गेलं, आणि पटल्याचं सांगायला ती नव्हती.

हिंगोलीत लेकीनं भिंत फोडली. माणसं लावली होती, नाकातोंडाला मास्क बांधून. आईच्या हाताची भिंत मात्र तिनं स्वतः फोडली. मग ती जवळ्याला आली. आत आली नाही, फाटकाबाहेर उभी राहिली. हातात काहीतरी होतं, प्लॅस्टिकच्या थरांत गुंडाळून चिकटपट्ट्यांनी बंद केलेलं.

"आत सगळं करडं होतं बाबा," ती तिथूनच बोलली. "लोकरीसारखं. हात लावला की धूर उठायचा." मग म्हणाली, "एक तुकडा राखलाय. तिच्या बोटांचा. प्लॅस्टिकमध्ये ठेवला तर चालेल ना? कायमचा बंद?"

प्लॅस्टिकमध्ये. ती हे विचारत होती. मला तो तुकडा इतका हवा होता की मी खाटेवरून उठून फाटकाशी गेलो. तिनं तो पाठीमागं लपवला आणि दोन पावलं मागं गेली. लहानपणी मी तिच्या हातातली कात्री मागायचो तेव्हा ती असंच करायची. या वेळी ती मला वाचवत होती.

"मी केलं हे," ती म्हणाली. "मी मारलं तिला."

आक्का चुलीपासून उठून बाहेर आली. "गप! मोठी आली मारणारी. कुटार कुणाचं? माझं. ओलं हाय हे मला ठावं होतं. घरात वारं लागंल, वाळंल, असं म्या म्हणलं. मंग मला धर की."

"कूलर मी लावला," मी म्हणालो. "खिडकी मी बंद केली."

"तुमी गप बसा दाजी, तुमाला दम लागून राहिलाय."

वाटण्यांचे दावे मी पुष्कळ उतरवले. लोक वीतभर जमिनीसाठी भांडतात. आम्ही तिघं त्या फाटकात एका दोषासाठी भांडत होतो आणि कुणीच आपला हिस्सा सोडायला तयार नव्हतं. चौथी हिस्सेदार, प्रयाग, असती तर म्हणाली असती, सारवलं म्या, तुमचा काय संबंध? आणि सगळा दोष एकटीच्या नावावर करून घेतला असता. मी तसं म्हणालो आणि आक्काच आधी रडली.

शेवटी तिनंच ठरवलं. "ज्या वावरातलं कुटार, त्याच वावरात जाऊ दे."

लेकीनं धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, खड्डा केला. मला जवळ येऊ दिलं नाही. मी लांब बाभळीखाली आक्कानं टाकलेल्या खाटेवर बसलो. लेकीनं तुकडा उघडला की नाही, ते तिच्या पाठीमुळं मला दिसलं नाही. वाटतं, उघडला. मग माती लोटली, कळशीतलं पाणी शिंपडलं, आणि गुडघ्यांवर बसून तळहातानं ती जागा सारवू लागली. फावडं बाजूलाच पडलं होतं. इतक्या लांबून मला नुसता हात दिसत होता, अर्धगोल फिरणारा, आणि तो कुणाचा आहे हे माझ्या डोळ्यांना थोडा वेळ ठरवता येईना.

आता

मी हिंगोलीत परतलो आहे. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर त्याच खोलीत राहतो; मोकळ्या झालेल्या भिंतींना चुना दिला आहे, खिडक्या दोन्ही उघड्या असतात, धूळ येते. येऊ दे. जिना मला होत नाही. बोलताना वाक्यं लहान ठेवतो. ओळखीचे म्हणतात, त्यानं माझा स्वभाव सुधारला आहे.

लेकीनं बरेच दिवस काम घेतलं नाही. आता घेते. प्लॅस्टिकच्या संगमरवराला अजूनही नाही म्हणते. माती, बांबू, चुना सोडलेला नाही. पण भिंतीला हात लावून, खिडक्या उघडून बघितल्याशिवाय आराखडा काढत नाही. नव्या घरात गेली की लोक तिला बैठक दाखवू लागतात, तेव्हा ती पहिला प्रश्न विचारते, "घरात खोकतं कोण?" लोकांना तो अपशकुन वाटतो. काही गिऱ्हाइकं तिथंच तुटतात.

आमच्या खोलीत मात्र ती येत नाही. चहा उंबऱ्याशी ठेवते आणि तिथूनच बोलते. आत ये माय, असं मी रोज म्हणतो.

हे सगळं लिहायला तिनंच सांगितलं. कुणाच्या तरी आईचा खोकला वेळेवर कुणाला तरी कळेल, म्हणाली. आणि म्हणाली, "माझं नाव घाला. लपवू नका. खोली कुणी केली ते लोकांना कळू दे."

बाकीचं तिनं सांगितलं तसं उतरवलं आहे. नाव उतरवलेलं नाही. आयुष्यात एकदाच मी साक्षीतला शब्द गाळला आहे, आणि तो का गाळला हे तिनं उंबऱ्यातून विचारलं तर सांगायला मी बराच वेळ श्वास जमवून ठेवला आहे.